पुणे–कोकण–कोल्हापूर बाईक ट्रिप : प्लॅनिंगच्या नोंदी

९ नोव्हेंबर

निघायचं एवढं ठरलं. बाकी सगळं अधांतरी आहे म्हणून ही नोट सगळ्यांना दिसेल अशी शेअर करून ठेवतोय, कारण ग्रुपवर बोललेलं दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं आणि मग "असं कधी ठरलं होतं?" सुरू होतं.

माणसं चार, गाड्या तीन. मी क्लासिक ३५०, मंदार आणि वहिनी अ‍ॅव्हेंजर २२०, ताई तिची अ‍ॅक्टिव्हा. हो, अ‍ॅक्टिव्हाच. मंदारने तोंड वाकडं केलं तर ताईने विचारलं, "कोकणातला पोस्टमन काय बुलेटवरून फिरतो का रे?" विषय संपला.

पहिला प्लॅन मंदारचा. पुण्याहून ताम्हिणी उतरायचं, समुद्र उजव्या हाताला ठेवून सरळ खाली गोव्यापर्यंत, येताना सावंतवाडीवरून आंबोली घाट चढून परत, पाच दिवस. ऐकायला झकास आहे. मी म्हटलं आधी तासांचं गणित मांडतो, मग बोलू.

१२ नोव्हेंबर

मांडलं गणित. मॅपवर किनाऱ्याचे आकडे बघितले तर वाटतं दिवसाला दोनशे काय सहज होतील, पण किनाऱ्याच्या रस्त्याला किलोमीटर लावून उपयोग नाही, तिथे तास लावायचे. कारण खाड्या. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटन, सगळ्या सह्याद्रीतून निघून समुद्राला मिळताना रुंद होतात, आणि रस्ता प्रत्येक ठिकाणी सड्यावरून (वरच्या कातळी पठारावरून) खाली वाडीत उतरतो, पूल किंवा जेट्टी (गाड्या पलीकडे नेणारी बोट), परत वळणावळणाने सड्यावर चढतो, दहा-पंधरा मिनिटं सपाट कातळावरून मस्त जातो की परत उतार. मुंबई-गोवा हायवे समुद्रापासून इतका आत का आहे हे एकदा या रस्त्याने गेलं की आपोआप कळतं.

त्यात वाडीतून जाणारा रस्ता म्हणजे एका गाडीपुरता, दोन्ही बाजूला जांभ्याचे गडगे, समोरून एसटी आली की आपण कुणाच्या तरी अंगणात. कोंबड्या, गुरं, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेली सुपारी, आणि पट्टे न मारलेले गतिरोधक जे झाडाच्या सावलीत अजिबात दिसत नाहीत. थांबे न धरता ताशी पंचवीस ते तीस धरायचे. याहून जास्त धरणारा माणूस एकतर खोटं बोलतोय किंवा समुद्राकडे बघतच नाहीये.

जानेवारीत उजाडतं सातच्या सुमारास, सूर्य मावळतो सव्वासहाच्या आसपास. अंधारात त्या रस्त्यांवर चालवायचं नाही यावर चौघांचं एकमत आहे (हे एकच एकमत आहे सध्या). म्हणजे साडेसात ते साडेपाच, त्यातून जेवण, चहा, देऊळ, फोटो, वहिनींचा "इथे दोन मिनिटं थांबूया ना" वजा केला की चालवायला राहतात पाच-सहा तास. दिवसाला १२० किलोमीटर, फार तर १५०.

या हिशोबाने पाच दिवसांत गोवा करायचा तर शेवटचे दोन दिवस नुसतं हायवेवर पळत राहायचं. गोव्यावर पहिली फुली मी मारलीये. मंदारचा अंगठा खाली आलाय ग्रुपवर, येऊ दे.

१६ नोव्हेंबर

तारखा. नाताळ ते ३१ डिसेंबर विचारच नको, दापोली-गुहागर पट्ट्यात तेव्हा खोल्यांचे भाव दुप्पट आणि जेट्टीवर गाड्यांच्या रांगा. २६ जानेवारीला तेच. वहिनींचे मार्गशीर्षातले गुरुवार आहेत, तो महिना डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपतोय, आणि त्यांचं स्पष्ट म्हणणं आहे की कोकणात जाऊन मी आमटी-भात खाणार नाही. शिवाय संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू, म्हणजे १४ च्या आधी घरी हवं.

दोन्हीच्या मधे काय उरलं तर जानेवारीचा पहिला-दुसरा आठवडा. ६ जानेवारीला सकाळी निघायचं, ११ ला रात्रीपर्यंत घरी. पाचाचे सहा दिवस झाले. मंदारला एक सुट्टी जास्त मागायला लागेल, तो म्हणतो मिळेल.

२३ नोव्हेंबर

मावशीला फोन केला, गुहागरजवळ पालशेतला. जेट्ट्यांची चौकशी करायची होती, तिने अर्धा तास आंब्याच्या मोहोराचीच चिंता सांगितली. मग म्हणाली, "फटफट्या घेऊन येताय? एवढ्या लांबनं? एसटीने ये की सुखाने, रात्री बसलास की सकाळी हजर." मी म्हटलं, "मावशी, अगं फिरायलाच येतोय." "मग राहा दोन दिवस. आलात नि जेवून निघालात असं मला चालणार नाही हां."

तर पालशेतला मुक्काम नक्की झाला, प्लॅन आपोआप त्याच्याभोवती फिरायला लागला आहे.

जेट्ट्या आपल्या वाटेवर तीन. बागमांडला ते वेसवी, सावित्रीची खाडी ओलांडायला. दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठी. तवसाळ ते जयगड, शास्त्री. (दिघी-आगरदांडा पण आहे, पण ती अलिबाग-मुरूडकडून येणाऱ्यांसाठी, आपण त्याच्या दक्षिणेला उतरतोय.) दाभोळची जेट्टी नसती तर दापोलीहून गुहागरला जायला खेड-चिपळूण फिरून शंभरेक किलोमीटर, आणि जेट्टीने पाण्यावर थोडकी मिनिटं.

जेट्टीवर बाईक चढवणं हा वेगळा प्रकार आहे, ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय. बोटीची पुढची लोखंडी फळी काँक्रीटच्या उतारावर टेकते, ओहोटी असेल तर उताराचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावर हिरवं शेवाळ असतं, वर चारचाकीच्या टायरने आणलेलं पाणी. तिथे पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी. पहिल्या गिअरमधे, क्लच अर्धा धरून, डावा पाय खाली सोडून हळू उतरायचं, पुढचा ब्रेक विसरायचा, मागचा हलका. मागे बसलेल्याने आधीच उतरून चालत यायचं (वहिनी, हे तुमच्यासाठी). फळीचा सांधा सरळ कापायचा, तिरका नाही. बोटीत गाडी गिअरमधे टाकून साइड स्टँडवर, आणि जवळच थांबायचं, वर कठड्याला फोटो काढायला धावायचं नाही, कारण मधेच दुसरी बोट गेली की तिच्या लाटेने आपली डुलते. ताईच्या अ‍ॅक्टिव्हाला गिअर नाही तर तिने मेन स्टँड लावून मागचा ब्रेक लॉक करायचा.

पहिल्या बोटीची आणि शेवटच्या बोटीची वेळ निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारायची. नेटवरच्या वेळांवर जाऊ नये.

३० नोव्हेंबर

घाटांचा विषय. आज सगळा नकाशा जमिनीवर पसरून बसलो होतो, ताई पण आली होती.

किनारा उभा, देश वर उभा, आणि मधे घाट म्हणजे शिडीच्या पायऱ्या. वरून खाली: ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, गगनबावड्याचे दोन म्हणजे भुईबावडा आणि करूळ, मग फोंडा, मग आंबोली. आपण किनाऱ्याने खाली सरकत असलो तरी कुठल्याही दिवशी, कुणाची तब्येत बिघडली, गाडी रुसली, घरून फोन आला, तर जवळचा घाट पकडून वर देशावर यायचं. हे ताईच्या डोक्यातून आलं आणि मला एकदम पटलं. आत्तापर्यंत मी घाट म्हणजे फक्त जायचा एक आणि यायचा एक असंच बघत होतो.

तर रोजची पळवाट: पहिल्या दिवशी बागमांडल्याची जेट्टी बंद मिळाली तर मागे वळून आंबेत-म्हाप्रळवरून मंडणगड. दापोली-गुहागर भागात अडकलो तर चिपळूण आणि कुंभार्ली, वर आलं की कोयनानगर, पाटण, कराड. जयगडची जेट्टी नसेल तर भातगावचा पूल आहे, वळसा पडतो पण रस्ता आहे. रत्नागिरीत आंबा घाट, साखरप्यावरून वर मलकापूर, कोल्हापूर. राजापूरला अणुस्कुरा. त्याच्या खाली वैभववाडीतून गगनबावडा.

उतरायला ताम्हिणीच. वरंध्याने भोर-महाड जायची मंदारची इच्छा होती, घाट सुंदरच आहे, पण तिथे दरड आणि रस्त्याचं काम यातलं काहीतरी एक कायम चालू असतं आणि बंद केल्याची बातमी आपल्याला भोरच्या पुढे गेल्यावर कळते.

चढायला कुठला हे ठरेना. आंबोली गोव्याबरोबरच गेला. करूळ २०२४ मधे रुंदीकरणासाठी बंद ठेवला होता, आता रुंद रस्ता झालाय असं ऐकतोय पण मला वैयक्तिक फोंडा घाट आवडतो. देवगड-निपाणी रस्ता सरळ त्यातूनच वर येतो, मग दाजीपूरचं जंगल, राधानगरी, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण, ज्याचे दरवाजे पाणी भरलं की आपले आपण उघडतात. वाटेवर आहे, पाणी नसलं तरी थांबायचं.

फक्त दाजीपूर हे गव्यांचं अभयारण्य आहे आणि गवा संध्याकाळी रस्त्यावर येतो. गवा म्हणजे म्हैस नव्हे मंदार, तो बाजूला होत नाही. घाट सकाळी चढायचा, बारापर्यंत राधानगरी.

२ डिसेंबर

मंदारची सुट्टी मंजूर. त्याने ग्रुपवर गोव्याचा फोटो टाकला आणि "अजूनही विचार करा". केला. नाही.

७ डिसेंबर

गाड्या. क्लासिक सर्व्हिसिंगहून आणली, पैसे घेतले आणि चेन तशीच सैल, धुतलेली सुद्धा नाही. घरी परत केलं सगळं. मधल्या स्टँडवर चढवून चाक फिरवत चेन चार ठिकाणी मोजायची, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, सगळ्यात घट्ट जागा पकडून तिथे पुस्तकात लिहिलाय तेवढा खेळ ठेवायचा. सामान आणि माणूस बसल्यावर ती आणखी ताणली जाते, म्हणून "घट्ट म्हणजे चांगली" हे डोक्यातून काढायचं. मग डिझेलने पुसून, सुकवून, चेन ल्यूब. ट्रिपमधे रोज मुक्कामाला पोचल्या पोचल्या चेन गरम असतानाच ल्यूब मारायचं, सकाळी नाही. किनाऱ्यावरची खारी हवा आणि तांबडी धूळ मिळून चेनवर जी पेस्ट तयार होते ती लय बेकार.

माझी चाकं तारेची, म्हणजे आत ट्यूब. हा खरा डोकेदुखीचा विषय. ट्यूबलेसला खिळा घुसला तर पट्टी खुपसून दहा मिनिटांत निघता येतं, ट्यूबला चाक काढा, टायर उचका, ट्यूब बदला. म्हणून पुढची-मागची एकेक ट्यूब, दोन टायर लिव्हर, हवेचा पायपंप आणि मागच्या चाकाचा पाना घेतला. घराच्या पार्किंगमधे एकदा मागचं चाक काढून घालून बघितलं, घामाघूम झालो, वॉचमनकाका खुर्ची घेऊन शेजारी बसून सूचना देत होते. पण आता हाताला माहीत आहे.

बाकी सुटे भाग: क्लच केबल (जुन्या केबलच्या शेजारून आत्ताच ओवून ठेवली, तुटली की नुसती टोकं बदलायची), स्पार्क प्लग, फ्यूज, चेनची लिंक, टेप, झिप टाय, थोडी तार. अ‍ॅव्हेंजरचे मागचे ब्रेक शू नवीन टाकायचे हे मंदारकडे. अ‍ॅक्टिव्हाचा बेल्ट ताईने बदलून घेतला, आणि तिच्या मेकॅनिकने सांगितलं की मागचं चाक दहा इंची आहे, खड्ड्यात जपून. टाकी ५.३ लिटरची. ती पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज सांगते, सामान आणि चढ धरून चाळीस धरू. म्हणजे दीडशेला पेट्रोल भरायचंच, रेंज बघत बसायचं नाही.

गंमत अशी की सगळं लिहून काढल्यावर अ‍ॅक्टिव्हाच सगळ्यात सोपी गाडी निघाली. ट्यूबलेस, कुठल्याही गावात दुरुस्त होणारी, सीटखाली डिकी, पुढे पाय ठेवायच्या जागी बॅग. मंदारला हे सांगायचं नाही.

१४ डिसेंबर

ट्रायल केली. सगळं सामान लादून, ज्या कपड्यांत निघणार त्याच कपड्यांत, सिंहगड रोडने खानापूर, तिथून पाबे घाट चढून वेल्हे, जेवण, परत. घाट छोटाच आहे पण चढ-उतार, वळणं, खडी सगळं आहे, आणि काही बिघडलं तर तासाभरात घर.

काय काय कळलं: अ‍ॅव्हेंजरवर दोघं आणि सामान असताना उतारावर मंदार सतत मागचा ब्रेक धरून येत होता, खाली आल्यावर ड्रमजवळ हात नेववत नव्हता. उतरताना ज्या गिअरमधे चढलो असतो त्याच गिअरमधे उतरायचं, इंजिनलाच गाडी धरून ठेवू द्यायची, ब्रेक वळणाआधी दाबून सोडून द्यायचा. परत येताना असं केलं तर ड्रम कोमट. ताम्हिणीत कोकणाकडे उतरताना हे लागणार आहे.

माझी सॅडलबॅग. उजवीकडची सायलेन्सरला टेकत होती, घरून निघताना दोन बोटं अंतर होतं, पण सामान खाली बसलं तशी ती झुकली आणि वेल्ह्यात बघतो तर खालचा कोपरा वितळून चकचकीत झालेला. आतला टॉवेल गरम. अजून अर्धा तास गेला असता तर भोक. आज संध्याकाळी फॅब्रिकेटरकडून सळई वाकवून एक छोटा स्टे करून घेतला, फूटरेस्टच्या बोल्टला बसतो, दीडशे रुपये. जड वस्तू, म्हणजे पाने, ट्यूब, पंप, डावीकडच्या बॅगेत तळाला, कपडे उजवीकडे. वरती सीटवर फक्त हलकी डफल, दोन बंजी फुली मारून. बंजीचं टोक लोंबकळत ठेवायचं नाही, ते चाकात जातं.

ताई सगळ्यात मागे राहील असं धरलं होतं. तिला सगळ्यात पुढे ठेवायचं ठरलं. ती पुढे असली की वेग तिचा, कुणी कुणाची वाट बघत थांबत नाही आणि मंदार उगाच पळत नाही. ती पन्नासच्या वर जात नाही, आणि कोकणातल्या रस्त्यांना पन्नास म्हणजे डोक्यावरून पाणी.

वहिनींचं हेल्मेट सैल आहे. नवीन घ्या, यात वाद नको.

२१ डिसेंबर

आज भांडण झालं. बऱ्यापैकी.

मुक्काम असे बसत होते: पहिला आंजर्ले, दुसरा पालशेत, तिसरा आडिवरे-कशेळी बाजूला, चौथा मालवण, पाचवा कोल्हापूर, सहाव्या दिवशी घर. मंदारचं आधीच ठरलेलं, मालवणला स्कूबा करायचं. अडचण चौथ्या दिवसात. आडिवऱ्याहून नाटे, जैतापूर, वाघोटनच्या खाडीवरच्या पुलाला वळसा मारून विजयदुर्ग, तिथून देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. चालवण्याचे तासच सहाच्या पुढे जातात. विजयदुर्गाला तीन तटबंद्या आहेत, आत शिरून नीट बघायचा तर दोन तास पाहिजेत. म्हणजे एकतर विजयदुर्ग बाहेरून, नाहीतर मालवणला अंधारात. स्कूबा तर दुसऱ्या दिवशी सकाळी, की मग फोंडा घाट दुपारनंतर, की मग दाजीपुरात संध्याकाळ, की मग गवा. सगळं एकात एक अडकलंय.

मंदार म्हणे मग पालशेतचा मुक्काम उडवा आणि दुसऱ्या दिवशी थेट रत्नागिरी गाठा. मावशीला कोण सांगणार? आणि मुद्दा नुसता मावशीचा नाही. आंजर्ले ते पालशेत हा छोटा दिवस आहे, पाऊणशे-ऐंशी किलोमीटर, आणि तोच सगळ्यात भरलेला आहे: सकाळी कड्यावरचा गणपती, मग पुलावरून हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, कोळथरे, दाभोळला उतरून जेट्टी, गुहागरला व्याडेश्वर. हा दिवस पिळून काढला तर ट्रिप कशाला करायची? तेवढ्या वेळात हायवेने गोव्याला पोचता येतं, विमानाने तर त्याहून लवकर.

वहिनी गप्प बसून ऐकत होत्या, शेवटी म्हणाल्या, "भाऊजी, मालवण काढा. आम्ही दोघं मे महिन्यात रेल्वेने जाऊ, मी याला बुडवून आणते स्कूबात."

मालवण गेलं. चौथा मुक्काम कुणकेश्वर. देवगडहून तारामुंबरी-मिठमुंबरीचा पूल ओलांडला की लगेच, देऊळ समुद्राच्या अगदी कडेला. पाचव्या सकाळी तिथून सरळ देवगड-निपाणी रस्ता, नांदगाव, फोंडा, चढायला सुरुवात. एकूण नऊशे किलोमीटरच्या आसपास, त्यातले सव्वादोनशे तर शेवटच्या दिवशीचे कोल्हापूर-पुणे हायवेचेच.

मंदार अजून थोडा फुगलेला आहे. त्याला तिसऱ्या दिवसाची दुपार देऊन टाकली, कशेळीला कनकादित्याचं देऊळ आणि सड्यावरचं कातळशिल्प, जांभ्यात कोरलेला भलामोठा हत्ती. ड्रोन आणणार होता, किल्ल्यावर किंवा बंदराजवळ परवानगीशिवाय उडवू नकोस म्हटलं, तर आणतच नाही म्हणाला. बरंय, एक बॅग कमी.

२७ डिसेंबर

राहायची ठिकाणं झाली. आंजर्ले आणि कुणकेश्वर दोन्हीकडे घरगुती, गाड्या आत अंगणात घेता येतात हे आधी विचारलं, मग एसी-बिसी. जेवण आधी सांगायला लागतं, ऐनवेळी गेलं तर भात-आमटी-पापड मिळेल, मासे नाहीत. आंजर्ल्याच्या काकूंनी विचारलं, "किती जण खाणारे, किती नाही खाणारे?" तीन खाणारे, एक ताई. ताईला सोलकढी, कुळथाचं पिठलं आणि फणसाचे तळलेले गरे चालतात, किंबहुना त्यासाठीच ती येतेय असा संशय आहे.

आडिवऱ्याला मामाच्या मित्राकडे. मामा म्हणाला, "मी सांगून ठेवलंय, पण रात्री आठनंतर पोचू नका, त्याची कुत्री सोडलेली असतात."

थंडीचं बघा. मुळशीच्या पाण्याकडेने सकाळी सातला बोटं वाकत नाहीत, आणि माणगावला पोचेपर्यंत जॅकेट नकोसं होतं. एक जाड जॅकेट नको, दोन पातळ थर घ्या, वरचा काढून बॅगेत टाकता येईल असा. हातमोजे सगळ्यांना कंपल्सरी.

१ जानेवारी

काल रात्री चौघं ताईकडे. हॅपी न्यू इयर कमी आणि पैशाचं जास्त. पेट्रोल शंभरीच्या वर, माझ्या गाडीला पस्तीसने धरलं तर सव्वीस-सत्तावीस लिटर. राहणं-जेवण-जेट्टी कॉमन, वहिनींकडे खजिना, प्रत्येकाने आधी पाच हजार जमा. कॅश पाहिजेच. सड्यावर रेंज येते आणि खाली वाडीत उतरलं की जाते, तिथे चहावाल्यासमोर क्यूआर कोड धरून गोल गोल फिरायला लागतं. मॅप ऑफलाइन उतरवून ठेवा चौघांनीही, आणि मी मुक्कामांची, गावांची क्रमाने नावं लिहून टाकीवर चिकटवणार आहे. वाट चुकली तर माणसाला विचारायचं, पण "किती लांब आहे?" नाही, "गाडीने किती वेळ?" असं विचारायचं.

पंप भरवशाचे मोठ्या गावात: माणगाव, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड. आंजर्ल्याहून किनाऱ्याने दापोली वाटेत येत नाही, म्हणून पहिल्या दिवशी माणगावला टाक्या फुल्ल आणि ताईसाठी माझ्याकडे लिटरची पेट्रोलची बाटली, योग्य झाकणाची, बिसलेरीची नाही.

लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सगळ्यांचं फोनमधे आणि एक झेरॉक्स. मंदारची पीयूसी २ तारखेला संपते. उद्या करून घे!

४ जानेवारी

कोल्हापूरकडच्या मित्राशी बोललो. उसाचा हंगाम जोरात आहे, राधानगरी ते कोल्हापूर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस चाललाय, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूला लोंबतो. ओव्हरटेक करताना दोन ट्रॉल्यांची लांबी धरायची, एक नाही. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यांवरून चाक घसरतं. त्यामुळे पाचव्या दिवशी कोल्हापुरात चारच्या आत. मित्र तांबडा-पांढऱ्याची सोय करतोय, ताईसाठी सकाळी मिसळ.

सहाव्या दिवशी हायवे, ताईने डावी लेन सोडायची नाही, आम्ही दोघं तिच्या मागे. साताऱ्यात कंदी पेढे, पुढे खंबाटकीचा बोगदा, आणि बोगद्यात शिरण्याआधी गॉगल काढायचा हे लिहून ठेवतोय कारण मंदार.

जेट्टीवाल्यांना उद्या संध्याकाळी फोन: मी. दोरी, टॉर्च, फर्स्ट एड: ताई. खाकरा, चिवडा, गुळपोळ्या: वहिनी. हवेचा गेज आणि चेन ल्यूब: मंदार, आणि पीयूसीचा फोटो ग्रुपवर टाक, अजून टाकलेला नाहीस.

६ ला सकाळी सहा चाळीसला चांदणी चौकाच्या पुढे, भूगावच्या अलीकडच्या पंपावर. टाकी आणि हवा आदल्या रात्रीच भरून यायचं, पंपावर फक्त भेटायचं. सातला गाड्या सुरू, कुणी आलं नसेल तर त्याला पौडला गाठायला सांगू.